खडीचा हिशेब होतो, खड्ड्याचा कधी होणार?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या, म्हणजेच एम-सँडच्या धोरणाला मान्यता दिली. त्यामागील मुख्य युक्तिवाद नद्या वाचवण्याचा होता. बेसुमार वाळूउपशामुळे नदीपात्रे खचली, पुलांचे पाये उघडे पडले, काठच्या विहिरी आटल्या आणि वाळूच्या धंद्याभोवती गुन्हेगारी वाढली. त्यामुळे नदीच्या वाळूऐवजी दगड भरडून तयार केलेली वाळू वापरावी, हा विचार योग्यच आहे. प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या पन्नास उद्योगांना सवलती देऊ करण्यात आल्या. स्वामित्वधन प्रति ब्रास ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणणे, ही त्यांतील प्रमुख सवलत होय. सरकारी बांधकामांत प्रारंभी किमान २० टक्के कृत्रिम वाळू वापरण्याची अटही घालण्यात आली.

परंतु कृत्रिम वाळू येते कोठून? ती डोंगरातून येते. नदीवरचा भार हलका होतो, तो दगडखाणीवर जाऊन पडतो. खडी, डबर आणि ग्रीट यांसाठी आधीच पोखरल्या जाणाऱ्या टेकड्यांवर आता वाळूची मागणीही येणार आहे. अशा वेळी दगडखाणींची पर्यावरणीय हानी आणि त्यांतील जीवितहानी कमी कशी करायची, हा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. या प्रश्नाची तांत्रिक उत्तरे बहुतांशी ठाऊक आहेत आणि त्यांतील अनेक नियमांत उतरलेलीही आहेत. उणीव आहे ती हिशेबाची. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ब्रासचा हिशेब शासन ठेवते. खाणीच्या जागी मागे काय उरते याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

खडक बदलला की धोका बदलतो

‘दगडखाण’ हा एकच शब्द अनेक वेगवेगळ्या उद्योगांसाठी वापरला जातो आणि धोरणातील पहिली चूक तेथूनच सुरू होते. पुणे, ठाणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट फोडला जातो. तो कठीण असल्यामुळे सुरुंग अपरिहार्य ठरतो. साहजिकच कंपने, उडणारे दगड, खडीक्रशरची धूळ आणि उभ्या कड्यांचे कोसळणे हे तेथील मुख्य धोके आहेत. बेसॉल्टमध्ये मुक्त स्फटिकी सिलिकाचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे त्याची धूळ फुप्फुसांना घातक असली, तरी सिलिकोसिसचा धोका वालुकाश्म किंवा ग्रॅनाइट यांच्या खाणींत कितीतरी अधिक असतो. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतील कामगारांना हा असाध्य रोग एवढ्या मोठ्या प्रमाणावर जडला, की त्या राज्याला २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण करावे लागले. रोगाचे निदान झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये, असे साहाय्य त्यात ठरवण्यात आले. रोग होऊ न देण्यासाठी ओल्या पद्धतीने छिद्रे पाडण्याचा खर्च त्या तुलनेत नगण्य आहे.

कोकणातील आणि गोव्यातील चिरेखाणींचे स्वरूप आणखी वेगळे आहे. जांभा दगड यंत्राच्या पात्याने कापला जातो. तेथे सुरुंग लागत नाही, त्यामुळे कंपनांची तक्रारही नसते. पण जांभ्याचा सडा हा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी मुरवून घेतो आणि पुढे उतारावरच्या झऱ्यांना ते पुरवतो. सडा चौकोनी खड्ड्यांनी कापला गेला की खालच्या वाडीचा झरा पावसाळ्यानंतर लवकर आटू लागतो. याच सड्यांवर कोकणची कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील अशा स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. एका चिऱ्याबरोबर सहस्रावधी वर्षांची रेषा निघून गेली, तर ती कोणत्याही दंडाने परत आणता येत नाही.

म्हणून बेसॉल्टच्या खाणीला लावायच्या अटी आणि चिरेखाणीला लावायच्या अटी एकाच छापील नमुन्यातून येऊ नयेत. प्रत्यक्षात मात्र परवान्यांतील अटींची भाषा बहुतेक ठिकाणी सारखीच असते: पाणी शिंपडावे, झाडे लावावीत, कामगारांना मुखपट्ट्या द्याव्यात. या अटी चुकीच्या नाहीत, पण त्यांचे मोजमाप करता येत नाही. ज्याचे मोजमाप करता येत नाही, त्याचा भंग झाला हे सिद्धही करता येत नाही.

अपघात अनपेक्षित नसतात

१ जानेवारी २०२२ रोजी हरियाणातील भिवानी जिल्ह्यात दाडम येथील खाणीत दरड कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात खाणीसाठी आणलेल्या जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट होऊन सहा जण ठार झाले होते. मे २०२४ मध्ये ‘रेमल’ चक्रीवादळाच्या पावसात मिझोरामच्या ऐझॉलजवळ मेल्थुम येथील दगडखाण खचली आणि लगतची घरे तिने गिळली. ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्र प्रदेशच्या बापटला जिल्ह्यातील ग्रॅनाइट खाणीत दगड कोसळून ओडिशातून आलेले सहा मजूर मरण पावले. राज्ये वेगळी, खडक वेगळे, पण कारणांची यादी आश्चर्यकारकरीत्या छोटी आहे: उभा कडा, पोटातून केलेली खोदाई, स्फोटकांची बेपर्वा साठवण आणि पावसाकडे दुर्लक्ष.

या प्रत्येक कारणावर नियम आहे. धातुखाणींसाठीच्या १९६१ च्या विनियमांनुसार कठीण खडकातही खाणीच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांनी खोदाव्या लागतात. पायरीची उंची ६ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, असा तो साधा नियम. पायरी असली की वरून सुटलेला दगड खालच्या माणसावर न पडता मधल्या टप्प्यावर अडतो. पण पायरी ठेवणे म्हणजे पट्ट्यातील काही दगड न काढता सोडून देणे होय. एक-दोन हेक्टरच्या छोट्या पट्ट्यात, चारही बाजूंनी ७.५ मीटरची सुरक्षा-पट्टी सोडल्यावर, पायऱ्यांसाठी जागा उरतच नाही. मग खाणमालक सरळ खाली उतरतो आणि शेजारचा पट्टेदारही तेच करतो. दोन खाणींच्या मध्ये एक पातळ भिंत तेवढी उभी राहते आणि पावसाळ्यात ती केव्हा कोसळेल याची शाश्वती उरत नाही.

सुरुंगाचेही तसेच आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्येच कंपनांच्या मर्यादा ठरवून दिल्या. खाणमालकाच्या मालकीची नसलेली घरे असतील, तर कमी वारंवारतेच्या कंपनांचा कमाल वेग सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा आणि वारंवारता वाढेल तशी ही मर्यादा १० व १५ मिलिमीटरपर्यंत जावी, असे ते कोष्टक आहे. ही मर्यादा पाळण्याचे तंत्रही अवघड नाही. एकाच क्षणी उडणाऱ्या स्फोटकांचे प्रमाण कमी ठेवायचे, छिद्रांमध्ये काही मिलिसेकंदांचे अंतर राखणारे डिटोनेटर वापरायचे, छिद्राचे तोंड नीट बुजवायचे आणि मोठे दगड फोडण्यासाठी दुसरा सुरुंग न लावता पोकलेनला जोडलेला ब्रेकर वापरायचा. घराला तडा गेला म्हणून तहसील कार्यालयात जाणाऱ्या गावकऱ्याला मात्र त्या दिवशी कंपने किती होती हे सिद्ध करता येत नाही, कारण ती कोणी मोजलेलीच नसतात. तडा जुना की नवा, यावर वाद घालण्यात वर्षे जातात.

घरापासूनच्या अंतराचा वादही असाच रेंगाळला आहे. केरळमधील एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुचवलेली अंतरे उचलून धरली: सुरुंग नसेल तर वस्तीपासून १०० मीटर आणि सुरुंग असेल तर २०० मीटर. त्यानंतर हा वाद न्यायालयांत गेला. योगायोग असा की वेल्समध्ये २००४ पासून कठीण खडकाच्या खाणींसाठी वस्तीपासून २०० मीटरचेच राखीव अंतर सांगितले गेले आहे. म्हणजे अंतराच्या आकड्याबाबत दोन्ही देशांत फारसे दुमत नाही. फरक पडतो तो अंमलबजावणीत.

कार्यालये अनेक, जबाबदार कोण?

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. पाच हेक्टरपेक्षा लहान गौणखनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले. तोवर मोठ्या खाणीचे लहान तुकडे करून मंजुरी टाळण्याची वाट खुली होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने लहान पट्ट्यांसाठी जिल्हास्तरीय प्राधिकरणे नेमली. त्याच वेळी एकमेकांपासून ५०० मीटरच्या आतील पट्टे हा एक ‘समूह’ मानण्याचे सूत्रही आणले. जिल्हास्तरावरील छाननी अपुरी असल्याचे सांगत हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्या व्यवस्थेवर आक्षेप घेतला आणि लहान पट्ट्यांची प्रकरणे पुन्हा राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे नेण्याची प्रक्रिया सुरू झाली.

या सगळ्या घडामोडींत मंजुरी कोणी द्यावी यावर भरपूर चर्चा झाली. मंजुरीनंतर कोणी पाहावे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. आज एका दगडखाणीवर किती कार्यालयांची नजर असते, हे मोजले तर चित्र स्पष्ट होते. खाणपट्टा आणि स्वामित्वधन महसूल यंत्रणेकडे, पर्यावरण मंजुरी राज्य प्राधिकरणाकडे, क्रशरची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कामगारांची सुरक्षा धनबादस्थित केंद्रीय महासंचालनालयाकडे, तर स्फोटकांचे परवाने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहेत. प्रत्येक कार्यालय आपापला कागद तपासते. संपूर्ण खड्डा, त्याची खोली, त्याच्या कडा, शेजारची विहीर आणि वरच्या अंगाचा पाझर एकत्र पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९५२ च्या खाण कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. मात्र संहिता बदलली म्हणून ही विभागणी आपोआप संपत नाही.

शासनाजवळ मोजण्याची क्षमता नाही, असेही नाही. ‘महाखनिज’ प्रणालीवर वाहतूक परवाने निघतात, गौणखनिज वाहणाऱ्या वाहनांवर जीपीएस लागते, उत्खननाची मोजणी आधुनिक यंत्रांनी होते. हे सर्व तंत्रज्ञान महसूल बुडू नये म्हणून उभारले गेले. ज्या मोजणीतून किती ब्रास दगड गेला हे कळते, त्याच मोजणीतून कड्याची उंची, पायरीची रुंदी आणि सुरक्षा-पट्टीवरील अतिक्रमणही कळते. माहिती हाताशी आहे, ती त्या दृष्टीने वाचली मात्र जात नाही.

संपलेली खाण संपत नाही

७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप येथे खाणीतील पाण्यात एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. ते तेथे कपडे धुण्यासाठी गेले होते. महानगराच्या वेशीवर, पाणीटंचाईच्या दिवसांत, दगडखाणीचा खड्डा हाच लोकांचा पाणवठा झाला होता. अशा खड्ड्यांत काठ सरळ खोल जातो, उथळ पाण्याचा टप्पा नसतो आणि घसरलेल्या माणसाला पाय टेकायला जागा मिळत नाही. पायऱ्या ठेवून खोदकाम झाले असते, तर वरची पायरी उथळ घाट म्हणून उपयोगी पडली असती. कामगाराच्या जिवासाठी केलेला नियम वीस वर्षांनंतर गावातल्या मुलाचाही जीव वाचवू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

८ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने केंद्राला आदेश दिला, की खाणकाम संपल्यावर ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांना उपयुक्त होईल अशा रीतीने पुन्हा हिरवी करण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी. आदेश स्वागतार्ह आहे. परंतु उभ्या कातळाच्या साठ-सत्तर फूट खोल खड्ड्यात गवत कोठे लावायचे? भूमी पूर्ववत करण्याची तयारी शेवटच्या वर्षी होत नसते, ती पहिल्या दिवशी सुरू व्हावी लागते. वरची माती वेगळी काढून जपून ठेवणे, कडा टप्प्याटप्प्याने अंतिम उतारावर आणत जाणे, पाण्याच्या निचऱ्याची दिशा आधीच ठरवणे, हे काम खाण चालू असतानाच करावे लागते. खाणीत पैसा असतो तोपर्यंतच हे काम होऊ शकते. दगड संपला की मालकाचे स्वारस्य संपते आणि पट्ट्याची मुदत सरली की कागदावरचा मालकही सापडत नाही.

ब्रिटनने काय केले, काय गमावले

ब्रिटनला सुरक्षेचा धडा एका शोकांतिकेतून मिळाला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील अॅबरफॅन गावात कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ जण मृत्युमुखी पडले, त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर १९६९ मध्ये खाणी आणि दगडखाणींच्या ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज लागू असलेल्या १९९९ च्या दगडखाण विनियमांत कडे आणि ढिगारे यांची भूतांत्रिक तपासणी बंधनकारक आहे. धोका गंभीर असेल, तेथे सक्षम तज्ज्ञाकडून किमान दर दोन वर्षांनी मूल्यांकन करून घ्यावे लागते.

याहून उपयुक्त उदाहरण देखरेखीच्या खर्चाचे आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक खनिज नियोजन प्राधिकरण चालू खाणीला वर्षातून आठपर्यंत तपासणी भेटी देऊ शकते आणि त्यांचे शुल्क खाणचालकाकडून वसूल करते. तपासनीस प्राधिकरणाचा, खर्च खाणीचा. अनेक ठिकाणी रहिवासी, खाणचालक आणि स्थानिक परिषद यांची संपर्क समिती नियमित बसते. नियोजन परवान्यात खाण संपल्यावरच्या जमिनीचे स्वरूप आधीच आखलेले असते आणि त्यानंतरची साधारण पाच वर्षांची निगाही त्यात येते. केंब्रिजशरमध्ये औज नदीकाठी वाळू आणि रेतीच्या चालू खाणीचे टप्प्याटप्प्याने पाणथळ अभयारण्यात रूपांतर होत आहे. पक्षीसंरक्षण संस्था आणि खाण कंपनी यांचा हा दीर्घकालीन संयुक्त प्रकल्प आहे.

मागणीच्या अंगानेही ब्रिटनने उपाय केला. १ एप्रिल २००२ पासून नव्याने खणलेल्या खडी, वाळू आणि रेतीवर टनामागे १.६० पौंड कर लागू झाला. एप्रिल २०२५ मध्ये तो २.०८ पौंड झाला. पाडकामातून मिळणाऱ्या पुनर्वापरित खडीवर हा कर नाही. त्याआधी १९९६ पासून कचराभूमीत माल टाकण्यावर कर होताच. दोन्ही बाजूंनी किंमत वाढल्यामुळे राडारोडा हा कच्चा माल झाला आणि आज तेथील एकूण पुरवठ्यात पुनर्वापरित व दुय्यम मालाचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक आहे.

तुलनेसाठी महाराष्ट्राचे आकडे टनांत मांडता येतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भरडलेल्या दगडाचे त्याचे वजन ढोबळमानाने साडेचार टन. म्हणजे ६०० रुपये प्रति ब्रास हे स्वामित्वधन टनाला सुमारे १३३ रुपये आणि सवलतीतील २०० रुपये टनाला सुमारे ४४ रुपये होते. ब्रिटनचा कर रुपयांत २३० ते २५० च्या घरात जातो. अर्थात स्वामित्वधन हा पर्यावरण कर नव्हे आणि दोन अर्थव्यवस्थांची सरळ तुलना योग्यही नाही. पण दिशा पाहण्यासारखी आहे: एका देशाने ताजा दगड महाग केला, तर दुसऱ्या ठिकाणी तो एका विशिष्ट उपयोगासाठी स्वस्त केला जात आहे.

ब्रिटनच्या अनुभवात एक गमावलेली संधीही आहे. या कराचा काही भाग खाणींचा त्रास सोसणाऱ्या परिसरासाठी वापरणारा निधी २००२ पासून चालत असे. खर्चकपातीच्या काळात, २०११ मध्ये तो इंग्लंडमध्ये बंद झाला. कर मात्र चालूच राहिला आणि सर्वसाधारण तिजोरीत जात राहिला. खाणीशेजारच्या माणसाच्या नावाने घेतलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचेल याची हमी कायद्यातच असावी लागते, हा त्यातील बोध. भारतात २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आणि गौणखनिजांबाबतचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. म्हणजे चौकट आहे. ती दगडखाणीच्या गावापर्यंत नेण्याची इच्छा हवी.

महाराष्ट्रात काय शक्य आहे

पहिली गोष्ट म्हणजे समूह हा नियमनाचा घटक व्हावा. वीस खाणी आणि दहा क्रशर असलेल्या टेकडीवर प्रत्येकाने स्वतंत्र टँकर फिरवण्यापेक्षा एक डांबरी किंवा काँक्रीटचा सामायिक रस्ता, चाके धुण्याची एक व्यवस्था, गढूळ पाणी निवळण्यासाठी एक तळे आणि धूळ मोजणारे एक कायमचे केंद्र अधिक परिणामकारक ठरेल. कच्च्या रस्त्यावरून धावणारे डंपर हे धुळीचे मोठे कारण आहे. ते एकट्या खाणमालकाच्या आवाक्यातले नाही, समूहाच्या आहे.

दुसरी गोष्ट बंद खाणीच्या ठेवीची. प्रत्येक ब्रासमागे अगदी ५० रुपये वेगळ्या खात्यात ठेवले, तर काय होईल? एक हेक्टर जागेत २० मीटर खोल खोदकाम झाले, तर दोन लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ७०,००० ब्रास दगड निघतो. म्हणजे हेक्टरमागे जवळपास ३५ लाख रुपये जमा होतात. त्यांतून कडा उतरत्या करणे, कुंपण, निचरा आणि लागवड करता येईल. मालकाने काम टप्प्याटप्प्याने स्वतः केले, तर ठेव त्याला परत मिळावी. न केल्यास शासनाने त्याच पैशातून करावे. खडीचा बाजारभाव ब्रासला काही हजार रुपये असताना ५० रुपयांनी घरबांधणी कोलमडणार नाही.

तिसरी गोष्ट पारदर्शकतेची. सुरुंगाची वेळ, वापरलेली स्फोटके आणि सर्वांत जवळच्या घरापाशी मोजलेली कंपने यांची नोंद ‘महाखनिज’वर खुली असावी. अशी नोंद प्रामाणिक खाणमालकालाही खोट्या तक्रारींपासून वाचवते. तपासणीचा खर्च खाणीने द्यावा, पण तपासनीस तिने निवडू नये आणि तपासणीच्या वेळी ग्रामसभेचा प्रतिनिधी उपस्थित असावा.

चौथी गोष्ट कामगारांची. महाराष्ट्रात दगड फोडण्याचे काम परंपरेने वडार समाजाने केले. आज त्यांच्या जोडीला परराज्यांतून आलेले मजूर आहेत. वस्ती खाणीलगत, नोंद ठेकेदाराच्या वहीत आणि मुले कामाच्या जागीच, अशी ही अवस्था. पुण्याच्या ‘संतुलन’ संस्थेला खाणकामगारांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ चालवाव्या लागल्या, यातच सारे आले. अमेरिकेत दगडखाणीतील नव्या कामगाराला २४ तासांचे आणि पुढे दरवर्षी ८ तासांचे सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे आहे. उघड्या खाणीची वर्षातून किमान दोनदा संपूर्ण तपासणी होते. एवढे प्रशिक्षण आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, ही मागणी अवास्तव नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे मागणी कमी करणे. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने पुनर्वापरित काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ किंवा त्याखालील दर्जाच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. मुंबई-पुण्यात पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या इमारती ही एक प्रकारे शहरातलीच दगडखाण आहे. सरकारी निविदांत कृत्रिम वाळूची अट घालता येते, तशी पुनर्वापरित खडीचीही घालता येईल.

सरसकट बंदी हे उत्तर आहे का?

वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे, पैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील आहे. या क्षेत्रात नव्या दगडखाणींना पूर्ण बंदी आणि चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपताच, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बंद, अशी त्यातील तरतूद आहे. तीव्र उतार, झऱ्यांची उगमस्थाने आणि दरडप्रवण भाग यांच्यासाठी बंदी आवश्यकच आहे. तेथे कोणतीही उपाययोजना पुरेशी ठरत नाही.

परंतु मागणी तशीच ठेवून केवळ नकाशावर रेषा ओढली, तर खाण रेषेच्या पलीकडच्या गावात सरकते किंवा रात्री चालते. बंदीच्या बाहेरचे क्षेत्र म्हणजे नियमनाच्या बाहेरचे क्षेत्र नव्हे, हे ठसवले गेले नाही तर वाचवलेल्या डोंगराची किंमत दुसरा डोंगर मोजेल. खर्च वाढला की बेकायदा उत्खनन वाढेल, हा लहान क्रशरमालकांचा आक्षेपही पूर्णपणे फेटाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर अटी सैल करण्यात नसून समूहाचा खर्च वाटून घेण्यात आणि बेकायदा माल सरकारी कामांत स्वीकारला जाणार नाही याची खातरी करण्यात आहे.

परदेशस्थ मराठी समाजाचाही या प्रश्नाशी दुहेरी संबंध येतो. कोकणातील सामाईक जमिनीच्या सात-बारावर लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वारसांची नावे असतात आणि चिरेखाणीसाठी त्यांची संमती मागितली जाते. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी खाण किती खोल जाणार, झरा किती अंतरावर आहे, कातळशिल्पांची पाहणी झाली का आणि शेवटी खड्डा कोण बुजवणार, हे लेखी मागण्याचा अधिकार सहहिस्सेदाराला आहे. पुण्या-मुंबईत सदनिका घेणारा ग्राहकही बांधकामातील खडी कोठून आली, हे विकसकाला विचारू शकतो. आज असे प्रश्न क्वचितच विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे तयार ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही.

घरे, रस्ते, धरणे आणि रुग्णालये दगडाविना उभी राहणार नाहीत, हे उघड आहे. म्हणूनच दगडखाण हा तात्पुरता उपद्रव न मानता दीर्घकाळ चालणारा उद्योग मानून त्याचे नियमन व्हायला हवे. कृत्रिम वाळूच्या धोरणाने एका ब्रासमागे ४०० रुपयांची सवलत दिली आहे. त्यातला आठवा भाग जरी बंद खाणीच्या ठेवीसाठी राखला असता, तरी नदी वाचवताना डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे गावही विचारात घेतले गेले असते. धोरणाच्या पुढच्या फेरविचारात ही दुरुस्ती करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.